अंगणातला नळ गळतोय? आधी वायसर पाहा!

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला की त्या टपटपीनं आपला जीव हैराण होतो आणि त्याची लगेच सोय लागते. पण अंगणातला किंवा मागीलदारचा नळ? त्याला एक चिंधी बांधायची, खाली बादली सारायची, की झालं! 'प्लंबर येईल तेव्हा बघू' म्हणता म्हणता वर्ष निघून जातं.

आज जरा हिशोब करून पाहा. गळक्या नळाखाली लिटरचं माप ठेवा. तासाभरात ते भरलं, तर दिवसाला 24 लिटर, म्हणजे मोठी बादली भरून पाणी गेलं. वर्षाचे झाले 8,760 लिटर! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराला हे परवडेल का? शिवाय भिंतीला ओल धरते ती वेगळीच, आणि खाली साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात.

मुंबईजवळ मीरा रोडला राहणारे लेखक-व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी 2007 साली हेच काम हाती घेतलं. रविवारी प्लंबरला सोबत घेऊन ते घरोघर जात आणि लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करून देत. आपल्याला तर फक्त अंगणापर्यंत जायचंय!

आधी नळ कोरडा पुसा आणि पाणी नेमकं कुठून येतं ते पाहा.

नळ बंद असूनही तोंडातून थेंब पडत असेल, तर आतलं वायसर झिजलेलं असतं. त्या नळाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडा ठेवून पाइपातलं पाणी जाऊ द्या. नळाला एका हातानं आधार देऊन मुठीखालचा मोठा नट पान्यानं डावीकडे फिरवा, म्हणजे आतला दांडा बाहेर येईल. त्याच्या टोकाला रबराची चकती असते, तेच वायसर. जुनं वायसर दुकानात दाखवून त्याच मापाचं आणा. पाच-दहा रुपयांचं काम! नवं बसवल्यावरही थेंब थांबला नाही, तर वायसर टेकतं ती आतली कड खराब झालेली असते. मग नळच बदलावा लागतो. अर्ध्या फेऱ्यातच उघडणाऱ्या नव्या तऱ्हेच्या नळात मात्र असं वायसर नसतं, त्याचा आतला गाभाच बदलतात.

नळ चालू केल्यावर मुठीखालून पाणी झिरपत असेल, तर दांड्याभोवतीचा लहान नट किंचित आवळून पाहा. तेवढ्यानं भागलं नाही, तर पाणी बंद करून तो नट सोडवा, दांड्याभोवती थोडा टेफ्लॉन टेप वळून घाला आणि नट परत बसवा.

भिंतीजवळच्या सांध्यातून गळत असेल, तर पाणी बंद करून नळ काढा, आटे ब्रशनं स्वच्छ करा आणि त्यांवर टेफ्लॉन टेपचे आठ-दहा फेरे घ्या. नळ ज्या दिशेनं आवळायचा त्याच दिशेनं टेप गुंडाळायचा, नाहीतर तो बसवताना सुटून येतो.

आता दुसरा विचार. तो नळ तुम्ही खरंच वापरता का? बाग गेली, धुण्याचा दगड गेला, तरी नळ आपला उभाच! अशा वेळी तो काढून तिथे टेप लावलेला प्लग बसवला की कायमची कटकट मिटते. पाइपाचे आटे आतल्या बाजूला असतील तर प्लग आणि बाहेरच्या बाजूला असतील तर टोपी, एवढं दुकानदाराला नीट सांगा. काढलेला नळ सोबत नेला तर माप चुकणार नाही.

काटकसर कुठे थांबवायची, हेही गृहिणीला कळायला हवं. जुना लोखंडी पाइप गंजलेला असेल, किंवा नळाबरोबर पाइपही फिरू लागला, तर जोर करू नका, बरं का! पाइप भिंतीत मोडला तर भिंत फोडायचा खर्च गळ्यात येतो. तिथे प्लंबरचे पैसे देणंच स्वस्त. प्लॅस्टिकच्या जोडालाही फार आवळू नका, तो तडकतो.

आणखी दोन गोष्टी. नळ बंद करताना मूठ पिळू नका, त्यानंच वायसर लवकर कापलं जातं. आणि व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा तरी फिरवत जा, नाहीतर ऐन वेळी तो जाम झालेला सापडतो.

काम झालं की रात्री नळाखाली कोरडं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी ते कोरडंच असलं, तर बांधलेली चिंधी खुशाल फेकून द्या!