खिशांतलें स्वस्त घड्याळ

दहावीच्या परीक्षेपूर्वीं एका पालकांनीं आम्हांस विचारलें, "सर, परीक्षागृहांत मोबाइल चालत नाहीं. मुलास खिशांतलें घड्याळ घ्यावें म्हणतों. स्वस्त घेतलें तर टिकेल काय?"

स्वस्त तें टाकाऊ, हा समज खोटा ठरून दीडशें वर्षें लोटलीं. जॉर्ज रॉस्कॉफ या कारागिरानें स्वित्झर्लंडांत १८६७ सालीं, मजुरासही परवडावें असें खिशांतलें घड्याळ २० फ्रँकांस बाजारांत आणिलें. सामान्य घड्याळांत दीडशेंहून अधिक भाग असत. त्यानें ५७ भागांवर काम भागविलें. मधलें चक्र काढून टाकिलें व कमानीची डबी मोठी केली. चाल रोखणाऱ्या अडणीस माणकांऐवजीं बारीक पोलादी खिळे बसविले. बाहेरचें कवचही सोन्याचांदीचें न करितां साध्या मिश्रधातूचें केलें. आरंभींच्या घड्याळांत काटे बोटानेंच फिरवावे लागत! तरी पॅरिसच्या प्रदर्शनांत त्यास कांस्यपदक मिळालें. पुढें १८९६ सालीं अमेरिकेंत इंगरसॉल यांचें घड्याळ एका डॉलरास मिळूं लागलें.

तेव्हां किंमत किती, यापेक्षां काटकसर कोठें केली, हें पाहावें असें आमचें मत आहे. आम्हीं स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षीं सोनेरी मुलाम्याचें घड्याळ साखळीसह घेतलें. दुकानदारानें झाकणावरील नक्षीचें वर्णन पाव तास केलें. चालीविषयीं अवाक्षर काढिलें नाहीं, आणि आम्हींही विचारिलें नाहीं. पावसाळ्यांत तें रोज वीस मिनिटें मागें पडूं लागलें. एके दिवशीं आमचा पहिला तास मुख्याध्यापकांसच घ्यावा लागला. त्या पैशांत तीन साधीं घड्याळें आलीं असतीं.

रोज ठराविक वेळीं किल्ली देण्याची संवय मुलांस लागावी, असें आम्हांस मनापासून वाटतें. परंतु खरें तें सांगितलें पाहिजे: आज सेलवर चालणारें साधें क्वार्ट्झ घड्याळ किल्लीच्या घड्याळाहून स्वस्त, आणि वेळेसही अधिक पक्कें. महिन्याकांठीं त्याची चूक साधारण पंधरा सेकंदांची. म्हणून त्या पालकांस आम्हीं तेंच सुचविलें. पांढरी तबकडी, काळे ठसठशीत काटे, नक्षी मुळींच नको. शिवाय गांवांतील घड्याळजीस तें उघडतां येतें कीं नाहीं हें आधीं विचारावें, आणि परीक्षेपूर्वीं आठवडाभर रेडिओच्या वेळेशीं ताडून पाहावें.

त्यांनीं तसेंच केलें. मुलाची तक्रार एकच होती: बरोबर साखळी मिळाली नाहीं.