एका ‘स’चे दोन गुण

आमची नात सध्या स्पॅनिश शिकते. त्यामुळे जोगेश्वरीच्या आमच्या घरात पहिल्या चहाच्या आधीच ‘कोंप्रे, कोंप्रास्ते, कोंप्रो’ असा जप सुरू होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, पोरगी कसलं तरी व्रत करतेय. मग कळलं, ‘कोंप्रार’ म्हणजे विकत घेणे आणि हा त्याचा भूतकाळ. मी, तू, तो झाले. पुढे आम्ही, तुम्ही, ते : कोंप्रामोस, कोंप्रास्तेइस, कोंप्रारोन. संपलं! ‘आर’ने संपणारं कुठलंही नियमित क्रियापद घ्या, ‘आर’ तोडा आणि या सहा शेपट्या लावा.

‘‘आजोबा, किती अवघड आहे हो!’’

अवघड? अगं, भाजी आणायला जाऊन बघ. कांदा घेतला, भेंडी घेतली, वांगं घेतलं. माणूस एक, पिशवी एक, पण आमचं क्रियापद दर भाजीला कपडे बदलतं. स्पॅनिश माणूस अख्खा बाजार उचलो, त्याचं ‘कोंप्रे’ जागचं हलत नाही. त्यात समोर ‘तू’ असला की ‘कांदा घेतलास, भेंडी घेतलीस’. मधला भाग भाजीचा, शेवटचा ‘स’ माणसाचा. व्याकरणवाल्यांनी याला कर्तृ-कर्मसंकर असं भारदस्त नाव दिलंय.

या ‘स’वरूनच माझं डोकं फिरलेलं आहे. मागे इथल्याच एका वक्तृत्व स्पर्धेत मेघवाडीची एक मुलगी आईवर बोलली. ‘‘आई, तू माझ्यासाठी रात्र-रात्र जागली, तू मला शिकवलं.’’ पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. परीक्षक मात्र कागदावर टिपत होते. ‘जागलीस’ हवं, ‘शिकवलंस’ हवं. दोन गुण कापले. पोरीचा नंबर हुकला.

आता स्पॅनिशची गंमत ऐका. तिथे ‘तू’चं रूप ‘स’ने संपतं. वर्तमानात कोंप्रास, भविष्यात कोंप्रारास, रीतिभूतकाळातसुद्धा कोंप्राबास. फक्त या एका साध्या भूतकाळात शेवटचा ‘स’ नाही. अगदी लॅटिनपासून नाही. (1739 पर्यंत आमच्या साष्टीवर राज्य करून बटाटा, पाव आणि चावी मागे ठेवून गेलेल्या पोर्तुगीजांच्या भाषेतही हीच तऱ्हा.) मग साधी स्पॅनिश माणसं काय करतात? सगळीकडे आहे तर इथेही असू दे म्हणून ‘कोंप्रास्तेस’ म्हणून मोकळी होतात. आणि तिकडचे विद्वान नाक मुरडतात! म्हणजे तिकडे ‘स’ लावला तर गावंढळ, इकडे गाळला तर गावंढळ. त्या बिचाऱ्या ‘स’चा काय दोष? मेघवाडीच्या पोरीने तरी दुसरं काय केलं? ‘ती जागली’ तशी ‘तू जागली’. त्या स्पॅनिश माणसासारखाच तिनेही आपल्या हिशेबाने नियम सरळ केला.

प्रमाणभाषा नको असं मी म्हणत नाही. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली व्याकरण छापलं ते काही वेळ जात नव्हता म्हणून नव्हे. शाळेत ‘जागलीस’ शिकवा, जरूर शिकवा. पण शिकवणं वेगळं आणि भर सभेत दंड वसूल करणं वेगळं. आमच्या नातीनेही पहिल्या महिन्यात ‘कोंप्रास्तेस’ म्हटलं होतं. तिच्या बाई हसल्या, म्हणाल्या, ‘‘छान चूक केलीस, म्हणजे नियम डोक्यात शिरतोय!’’ परक्या भाषेत चुकलं तर कौतुक, तेही फी भरून. आणि आईच्या भाषेत आईबद्दल बोलताना चुकलं तर दोन गुण वजा! हे मी त्या परीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘नियम म्हणजे नियम.’’ मी म्हटलं, ‘‘मग त्या पुढच्या रांगेतल्या बायकांचेही गुण कापा. चुकीच्या वाक्याला रडल्या.’’ तेव्हापासून ते मला ओळख दाखवत नाहीत.

यंदा त्यांच्या जागी परीक्षक म्हणून मला बोलावलंय. नातीने विचारलं, ‘‘आजोबा, तुम्ही हो म्हटलं?’’

‘म्हटलंत!’ हे अगदी ओठांवर आलं होतं. चहाच्या घोटाबरोबर गिळलं.