मुक्कामाला बॅटरी कोणती?

गिरडच्या टेकडीवर किंवा बोर धरणाकडे एका रात्रीचा मुक्काम ठरला, की आम्ही डबे, चटया, पांघरुणे आठवणीने बांधतो. बॅटरीचे नाव निघाले की कोणीतरी म्हणतेच, ‘मोबाईल आहे ना!’ पण मोबाईलचा उजेड रात्रभर वापरला, तर सकाळी फोन करण्यापुरतेही चार्जिंग उरत नाही.

दुकानदार लांब झोताची महागडी बॅटरी पुढे करतो. आपल्याला मात्र पायाखाली पाहायचे असते. आपल्या भागात घोणस आहे, मण्यारही आहे, आणि दोन्ही रात्री हिंडतात. घोणस पाचोळ्यात ओळखू येत नाही. मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश पुष्कळदा दुखतही नाही. संशय आला तरी झाडफूक नको, थेट सरकारी दवाखाना गाठा.

म्हणून छोटी, रुंद उजेडाची बॅटरी घ्यावी. प्रत्येकाच्या उशाशी एक. फजरच्या वजूला उठताना आधी बॅटरी लावायची, चप्पल झटकायची, मगच पाय खाली. चुलीपाशी बसणारीला डोक्याला बांधायची बॅटरी द्या, दोन्ही हात मोकळे राहतात. वीज गेली की घरीही तीच कामाला येते.

बोर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे वनखात्याने परवानगी दिलेल्या जागीच राहावे, आणि पोरांना जनावरांच्या डोळ्यांवर झोत मारू देऊ नये.

जुने-नवे सेल एकत्र घालू नका. घरी परतल्यावर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून बॅटरी खराब होते.