ग्राहक राजा, मग विक्रेता कोण?

'ग्राहक राजा' हे मान्य हो. पण म्हणून विक्रेता चोरच, हा कुठला न्याय? मी जुनी पुस्तके ऑनलाइन विकतो. पावणेदोन किलोचा शब्दकोश पाठवला. 'सदोष' म्हणून परत आला तेव्हा खोक्यात फाटके गाइड, वजन चारशे ग्रॅम! (माझे कॉपीबहाद्दर विद्यार्थी तरी जरा डोके लढवत.) पैसे त्याला, दोन्ही वेळचा कुरियरचा खर्च माझ्या माथी. वजनाची पावती, फोटो, सगळे दिले. उत्तर तेच छापील. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. योग्यच. मग तीच मुदत विक्रेत्यालाही द्या की! आणि परतीचे पार्सल आधी काट्यावर ठेवा, उघडून बघा, मगच पैसे परत करा.