परत आलेल्यांच्या पुंजीचे काय?

परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये परदेशगमनासंबंधीच्या नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या विचारार्थ प्रसिद्ध केला. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याच्या जागी आणावयाच्या या विधेयकात परदेशी जाणाऱ्यांच्या सोयीबरोबरच तेथून परतणाऱ्यांच्या पुनर्वसनाचाही विचार आहे. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटली तरी ती तशी नाही. १९८३ चा कायदा भरती करणाऱ्या दलालांच्या नोंदणीभोवती आणि जाणाऱ्याच्या परवानगीभोवती फिरणारा आहे; अडचणीत सापडलेल्याला विमानात बसवून आणण्याच्या खर्चापलीकडे परतीचा विचार त्यात नाही. माणूस मुंबईच्या विमानतळावर उतरला की त्याच्यापुरते सरकारचे काम संपते. त्यापुढचा प्रवास, म्हणजे विमानतळापासून संगमनेरपर्यंतचा किंवा पाथर्डीपर्यंतचा, त्याने आपल्या हिमतीवर करावयाचा.

२०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखला जाणारा अहिल्यानगर जिल्हा काही रत्नागिरीसारखा आखाती देशांकडे डोळे लावून बसलेला जिल्हा नव्हे. परंतु 'जाणे आणि परतणे' म्हणजे काय, हे या जिल्ह्याला कोणी शिकवावे अशी स्थिती नाही. पाथर्डी-शेवगावचे ऊसतोड मजूर दर हंगामाला कोयता घेऊन बाहेर पडतात आणि पट्टा पडल्यावर परततात. पारनेर तालुक्यातील कित्येक घरांचे कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि पुढे गिरण्यांचे भोंगे थंडावले, तेव्हा त्यांतील अनेक जण वळकटी उचलून कोरडवाहू रानात परत आले. हक्काच्या देण्यांची वाट पाहण्यात त्यांचे उरलेले आयुष्य गेले. उलट, याच जिल्ह्यात हिवरेबाजारने १९८९ नंतर पाणलोटाची कामे केली, पाण्याचा जमाखर्च मांडला, उसासारख्या तहानलेल्या पिकांना आणि शेतीसाठीच्या कूपनलिकांना मज्जाव केला, आणि मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबे गावी परतली. त्यांना कोणी परतीचे अनुदान दिले नव्हते. विहिरीला पाणी आले होते. 'परतणाऱ्यास साहाय्य' या शब्दांचा अर्थ रोख रकमेपुरता घेण्याची घाई करणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे शेजारीशेजारी ठेवून पाहावीत.

परदेशातून परतण्याचा या जिल्ह्यातील सर्वांत ठळक दाखला जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेतील उच्च शिक्षण संपवून १९७० मध्ये जामखेडला आले आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारापेक्षा त्यांच्या परतण्याची तऱ्हा अधिक बोधप्रद आहे. काय करावयाचे याचा आराखडा त्यांनी परदेशात असतानाच तयार केला होता, आणि गावाने त्यांना आपले म्हटले. ज्ञान, योजना आणि स्वागत या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तर परतणे सफल होते. मात्र अशी माणसे अपवादानेच सापडतात आणि अपवादावर धोरण उभारता येत नाही.

धोरण कोणासाठी आखले गेले हे पाहू गेले, तर चित्र फारसे भूषणावह नाही. विद्वानांसाठी सरकारने फार लवकर हालचाल केली. परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांना कायम नोकरी मिळेपर्यंत वेतन देऊन एखाद्या संस्थेत सामावून घेणारी योजना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५८ मध्येच सुरू केली. पुढे जैवतंत्रज्ञान विभागाने रामलिंगस्वामी यांच्या नावाने पुनरागमन अधिछात्रवृत्ती ठेवली. पैसेवाल्यांसाठीही दारे उघडी आहेत. परतणाऱ्यास आपली परकीय चलनातील शिल्लक निवासी परकीय चलन खात्यात डॉलरच्या रूपातच ठेवता येते. मुदत ठेव मुदतीपर्यंत तशीच चालू राहते. आणि पुरेशी वर्षे बाहेर काढलेल्या माणसाच्या परदेशी उत्पन्नाला परतल्यानंतरची काही वर्षे आयकरातून सूट असते. यांतील एकही सवलत गैर नाही. पण बांधकामावर दहा वर्षे सळया वाकवून परतलेल्या गवंड्यास आयकराच्या या सवलतीचा काय उपयोग? त्याला तेथे आयकर नव्हताच आणि येथे आयकर बसावा एवढे उत्पन्न नाही.

गवंड्यासाठी जे झाले ते बहुधा संकटाच्या वेळी झाले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतला तेव्हा एअर इंडियाने एक लाखाहून अधिक भारतीय माघारी आणले. ती कामगिरी निःसंशय मोठी होती. त्यांतील हजारो जणांना पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या जिनिव्हा येथील भरपाई आयोगाकडून पैसे मिळाले. एकट्याने देश सोडावा लागलेल्यास अडीच हजार डॉलर आणि कुटुंबास पाच हजार, असा ठराविक दर त्यासाठी होता. भरपाई मिळाली ती इराकच्या तेलाच्या पैशातून, ही बाब विसरता येत नाही. २००९ मध्ये वकिलातींतून भारतीय समुदाय कल्याण निधी सुरू झाला. अडकलेल्याचे तिकीट, तात्पुरता निवारा आणि मृतदेह मायदेशी आणणे अशी कामे त्यातून होतात. मे २०२० मध्ये 'वंदे भारत'ची विमाने सुरू झाली आणि परतलेल्यांच्या कौशल्याची नोंद करण्याचा उपक्रमही हाती घेतला गेला. नोंद झाली, पण नोंदीने पोट भरत नाही.

या सर्वांत परतीचा नेमका विचार करणारी एकच केंद्रीय योजना निघाली आणि ती पाच वर्षांत गुंडाळली गेली. महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना २०१२ मध्ये सुरू झाली. कामगाराने दरवर्षी काही रक्कम निवृत्तिवेतनासाठी आणि काही रक्कम परतल्यावरच्या पुनर्वसनासाठी बाजूला टाकावी, सरकारने त्यात आपली भर घालावी आणि सोबत आयुर्विमा असावा, अशी तिची रचना होती. रचना चांगली होती, तरीही नोंदणी अत्यल्प झाली म्हणून २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. कामगारांनाच बचतीचे महत्त्व कळत नाही, असा शेरा अशा वेळी मारला जातो, आणि तो चुकीचा आहे. नव्याने गेलेला मजूर पहिले वर्ष-दीड वर्ष दलालाला देण्यासाठी काढलेले कर्ज फेडत असतो. त्याच्या दृष्टीने सर्वांत किफायतशीर बचत म्हणजे सावकाराचे व्याज थांबवणे. म्हातारपणाच्या वेतनासाठी त्याने त्याच वर्षी पैसे बाजूला टाकावेत ही अपेक्षा हिशेबात बसत नाही. शिवाय योजना ऐच्छिक होती आणि तिच्यात सामील होण्यासाठी वेगळी कागदपत्रे, वेगळे खाते, वेगळी खेप. परदेशी जाण्यापूर्वीचा विमा मात्र सक्तीचा आहे आणि दोन-तीन वर्षांचा हप्ता काही शे रुपयांचा आहे; तो सारे जण भरतात. जी गोष्ट जाण्याच्या कागदपत्रांतच गुंफलेली असते ती होते आणि जी स्वतंत्रपणे करावी लागते ती राहून जाते, हे कोणत्याही कारकुनाला ठाऊक असलेले सत्य मंत्रालयाला ठाऊक नसावे, याचे आश्चर्य वाटते.

केरळची गोष्ट वेगळी. तेथे १९९६ मध्येच अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते निघाले. परदेशात किमान दोन वर्षे काम करून परतलेल्यास स्वतःच्या व्यवसायासाठी तीस लाखांपर्यंतच्या प्रकल्पावर बँकेचे कर्ज, त्यावर पंधरा टक्के पण तीन लाखांच्या आत भांडवली अनुदान आणि वेळेवर फेडणाऱ्यास चार वर्षे तीन टक्के व्याजसवलत, अशी तेथील योजना आहे. कल्याण मंडळाकडे वर्गणी भरणाऱ्यास निवृत्तिवेतनही मिळते. आता आश्चर्याची बाब अशी, की रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून आलेल्या रकमांत पहिला क्रमांक केरळचा नव्हता, महाराष्ट्राचा होता. महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के आणि केरळचा १९.७ टक्के. मुंबईतील शाखांत जमा झालेला प्रत्येक डॉलर मराठी घरातच जातो असे मानण्याचे कारण नाही. तरीही एवढा मोठा ओघ ज्या राज्यात येतो, त्या राज्याने परतणाऱ्यांसाठी केरळच्या तोडीची व्यवस्था उभी केलेली दिसत नाही.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो डावलणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. आपल्या इच्छेने, अधिक मिळकतीसाठी परदेशी गेलेल्यांना राज्याच्या तिजोरीतून मदत का द्यावी? पाथर्डीचा ऊसतोड मजूर दरवर्षी उचल फेडून रिकाम्या हाताने परततो. त्याला ती का नसावी? आक्षेप रास्त आहे. दुबईहून परतलेल्याला अनुदान आणि गळितावरून परतलेल्याला काही नाही, ही वाटणी समर्थनीय ठरणार नाही. म्हणूनच परतणाऱ्यांच्या साहाय्याचा मुख्य भाग अनुदानाचा असू नये. ज्याचे त्याला मिळवून देण्याचा आणि ज्याचे त्याच्याकडे टिकवून ठेवण्याचा असावा. फिलिपीन्सने हेच केले. तेथील कामगार कल्याण निधी प्रत्येक करारामागे पंचवीस डॉलर वर्गणीवर चालतो आणि परतणाऱ्यास उपजीविकेसाठी मिळणारे साहाय्य त्या निधीतून येते.

ज्याचे त्याला मिळणे ही बाब वाटते तेवढी साधी नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे एकवीस दिवसांचे आणि पुढच्या प्रत्येक वर्षामागे तीस दिवसांचे मूळ वेतन उपदानादाखल मिळते. दहा वर्षांच्या नोकरीला म्हणजे साडेआठ महिन्यांचे वेतन. मात्र ते मूळ वेतन असते. भत्ते फुगवून मूळ वेतन आखूड ठेवण्याची युक्ती तेथील मालकांनाही अवगत आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत घाईघाईने परतलेल्या अनेकांचे उपदान आणि थकलेला पगार तेथेच राहिला. वकिलातीमार्फत असे दावे चालवण्यासाठी परतण्यापूर्वी एक मुखत्यारपत्र करून घेतले तरी पुष्कळ काम होते. पण हे सांगणारे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असावे लागते.

सुशिक्षितांचीही याबाबतीत फसगत होते. अमेरिकेत संगणक क्षेत्रात नोकरीस गेलेल्या तरुणाच्या पगारातून ६.२ टक्के आणि तेवढीच रक्कम मालकाकडून तेथील सामाजिक सुरक्षा निधीत जाते. निवृत्तिवेतनाचा हक्क साधारणतः दहा वर्षांच्या वर्गणीनंतर लागतो. व्हिसाची नेहमीची मर्यादा सहा वर्षांची. सहा वर्षांनी परतलेल्याचे ते पैसे गेले, कारण भारताचा अमेरिकेशी सामाजिक सुरक्षा करार नाही. जर्मनीशी असा करार १ मे २०१७ पासून अमलात आहे आणि त्यामुळे दोन्ही देशांतील वर्गणीचा काळ एकत्र धरता येतो. ही माहिती आता निव्वळ पुस्तकी राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार करून परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक असे दहा हजार कुशल तरुण तेथे पाठवण्याचा संकल्प सोडला आणि जर्मन भाषेच्या वर्गांची आखणी केली. भाषेच्या वर्गात 'ब्रेड कोठे मिळतो' हे जसे शिकवले जाते, तसे 'पाच वर्षांच्या वर्गणीने निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो आणि भारतातील वर्षे त्यात मोजून घेता येतात' हेही एक दिवस शिकवावे.

टिकवून ठेवण्याचा प्रश्न गावात आल्यावर सुरू होतो. पंधरा-वीस लाखांची पुंजी घेऊन माणूस परतला की पहिल्या सहा महिन्यांत घराचा स्लॅब, बहिणीचे लग्न आणि भावकीतील उसनवारी हे तीन गडी ती वाटून घेतात. उरलेले जास्त व्याजाच्या आशेने पतसंस्थेत जातात. सहकाराची गंगोत्री म्हणवणाऱ्या या जिल्ह्याला ठेवीदारांचे हाल नवे नाहीत; नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला तेव्हा पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचा आधार तरी होता. पतसंस्थेतील ठेवीला तो विमाही नाही, आणि हे अनेकांना संस्था बुडाल्यावर समजते. परतणाऱ्याला व्यवसायासाठी कर्ज देण्यापूर्वी त्याच्या स्वतःच्या पैशाला सुरक्षित ठिकाण दाखवणे हे स्वस्त आणि अधिक परिणामकारक साहाय्य होय.

कर्ज द्यावयाचेच, तर दुकानाच्या गाळ्यासाठी देण्यापेक्षा अंगच्या कसबासाठी द्यावे. मस्कतला वातानुकूलन यंत्रे बसवणाऱ्याच्या हाती तेथील अनुभवाचा कागद असतो. येथे मात्र औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र नाही म्हणून ठेकेदार त्याला मदतनिसाचा रोज देतो, आणि बँक त्याला गाई घेण्याचा सल्ला देते. त्याच्या कसबाची परीक्षा घेऊन राज्याचे प्रमाणपत्र देणे, त्या प्रमाणपत्रावर हत्यारांसाठी आणि खेळत्या भांडवलासाठी तारणाविना कर्ज देणे, आणि जिल्हा रोजगार कार्यालयात परतलेल्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवणे, एवढ्यासाठी नव्या महामंडळाची गरज नाही. शिर्डीचा विमानतळ, नगरची औद्योगिक वसाहत आणि चौदा तालुक्यांतील साखर कारखाने यांना वीजतंत्री आणि यंत्रजुळारी लागतातच. केंद्राचे नवे विधेयक केव्हा कायदा होईल ते संसद ठरवील. ही नोंदवही उघडण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याला संसदेची वाट पाहावी लागत नाही.