कोठारातील कला वर्गात कधी येणार?

एप्रिल २०२५ मध्ये भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या हस्तलिखिताची नोंद युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावर झाली. श्रीमद्भगवद्गीतेच्या सोबतीने हा मान मिळाला, याचा देशभर आनंद व्यक्त झाला आणि तो उचितच होता. तथापि, ज्या ग्रंथाचा हा गौरव झाला तो कपाटात ठेवून पूजण्याचा ग्रंथ नाही. त्याच्या पहिल्याच अध्यायातील कथा सांगते की, डोळ्यांनी पाहता येईल आणि कानांनी ऐकता येईल असे काही तरी हवे, ही मागणी घेऊन देव ब्रह्मदेवाकडे गेले आणि त्यातून पाचवा वेद जन्माला आला. तोही कोणा एका वर्णासाठी नव्हे, सर्वांसाठी. या कथेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने स्वतःला एक साधा प्रश्न विचारावयास हवा. दहावी उत्तीर्ण होऊन शाळेबाहेर पडणाऱ्या किती मराठी मुलांनी कुडियाट्टमचा एखादा प्रवेश, छाऊचे नृत्य किंवा नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग एकदा तरी पाहिलेला असतो? यासाठी पाहणी करण्याची गरज नाही. प्रत्येक घरातील मुलाला विचारले की उत्तर मिळेल.

प्रत्येक शाळेत प्रत्येक कलावंत जाऊ शकत नाही, हे उघड आहे. म्हणूनच उत्तम प्रयोगांचे चित्रण शिक्षकाला हवे तेव्हा, हवे तेवढे वर्गात दाखविता यावे, ही व्यवस्था जगात काही ठिकाणी उभी राहिली. त्यात लंडनच्या नॅशनल थिएटरचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. या संस्थेने जून २००९ मध्ये आपला एक प्रयोग थेट चित्रपटगृहांत दाखविण्यास प्रारंभ केला. पुढे अशी अनेक नाटके मुंबईच्या एनसीपीएतही दाखविली गेली आणि मराठी रंगकर्मींनी ती तिकीट काढून पाहिली. प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर चाललेला प्रयोग अनेक कॅमेऱ्यांनी टिपावयाचा, ही त्यांची पद्धत. परंतु संस्था तेवढ्यावर थांबली नाही. २०१५ मध्ये तिने ‘ऑन डिमांड इन स्कूल्स’ या नावाने हेच चित्रण ब्रिटनमधील सरकारी शाळांना विनामूल्य खुले केले आणि त्यासोबत शिक्षकांसाठी अध्यापन साहित्यही दिले. इंग्लंडमधील विद्यार्थ्याला शालान्त परीक्षेसाठी शेक्सपिअरचे किमान एक नाटक अभ्यासावेच लागते. जे पुस्तकात वाचावयाचे ते रंगभूमीवर कसे उभे राहते, हे लंडनपासून शेकडो मैल दूर असलेल्या खाणकामगारांच्या गावातील मुलालाही दिसावे, इतका साधा हेतू त्यामागे होता.

ब्रिटिशांचे उदाहरण पुढे केले की काहींच्या कपाळावर आठी पडते. पण आपल्या श्रेष्ठ नाटककाराला पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर जिवंत ठेवण्यासाठी एखादा समाज एवढी खटपट करत असेल, तर तो गुण घेण्यात कमीपणा कसला? कालिदासाचा अभिमान भाषणांतून सांगणाऱ्यांनी, आपल्या मुलांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर पाहिले आहे काय, याचा शोध घेतला तर आठी कोठे पडावयास हवी ते कळेल.

विशेष म्हणजे भारताकडे सामग्रीची वानवा नाही. संगीत नाटक अकादमी १९५३ पासून काम करत आहे आणि तिच्या संग्रहात नृत्य, नाट्य व संगीताचे हजारो तासांचे मुद्रण आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शनची कोठारे त्याहून निराळी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हापासून किती गायक, कीर्तनकार, शाहीर आणि नट त्या केंद्रातील कॅमेऱ्यासमोर येऊन गेले असतील! ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘गजरा’ ही नावे उच्चारली तरी एका पिढीच्या डोळ्यांसमोर त्या संध्याकाळी उभ्या राहतात. शिक्षणासाठी चित्रवाणी वापरण्याचा अनुभवही देशाला नवा नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्याचा प्रयोग भारतीय शास्त्रज्ञांनी यशस्वी करून दाखविला होता. ज्या देशाने घराघरांत दूरध्वनी नसतानाच्या काळात हे साधले, त्याला आज स्वस्त इंटरनेटच्या दिवसांत ते जमू नये, ही नामुष्की आहे.

प्रसार भारतीने आपल्या संग्रहातील काही भाग यूट्यूबवर ठेवला आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्ज’ हे स्वतःचे व्यासपीठही सुरू केले. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण सातवीच्या वर्गावर पस्तीस मिनिटांची तासिका घ्यावयाची असलेल्या शिक्षकाला दीड तासाचे सलग मुद्रण समोर ठेवून काय उपयोग? त्यातील कोणती दहा मिनिटे दाखवावी, त्याआधी मुलांना काय सांगावे, नंतर कोणते प्रश्न विचारावे, कोणता शब्द त्यांना अडेल, हे कोणी तरी जाणत्याने बसून ठरवावे लागते. कोठार आणि स्वयंपाकघर यांत जो फरक असतो तोच येथे आहे. धान्याची पोती भरलेली आहेत. पण शिजवून पानात वाढणारे कोणी नाही.

मुद्रण नसले म्हणजे काय घडते, याचा दाखला नाट्यशास्त्रातच आहे. भरतमुनींनी वर्णन केलेली १०८ करणे चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या गोपुरांवर कोरलेली आहेत. करण म्हणजे हातापायांची सुसंवादी हालचाल. शिल्पात मात्र त्या हालचालीतील एकच क्षण गोठलेला असतो. त्याच्या आधी शरीर कोठे होते आणि नंतर कोठे गेले, हे दगड सांगत नाही. डॉ. पद्मा सुब्रह्मण्यम यांना ग्रंथ, शिल्पे आणि जिवंत परंपरा यांची सांगड घालून या करणांची पुनर्रचना करण्यासाठी आयुष्यातील कित्येक वर्षे वेचावी लागली. मराठी रंगभूमीचेही तेच. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेला ‘सीतास्वयंवरा’चा खेळ किंवा १८८० मधील अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ कसे दिसत होते, हे वर्णनांवरूनच जाणावे लागते. ते दिवस चित्रणाचे नव्हते, म्हणून त्याचा दोष कोणाला देता येत नाही. बालगंधर्वांचे गाणेही पुढच्या पिढ्यांना मुख्यतः पोहोचले ते जुन्या ध्वनिमुद्रिकांमधून, म्हणजे एका बाजूस तीनेक मिनिटांच्या मर्यादेत. ‘वन्समोअर’ घेत रात्रभर फुलणारी मैफल त्या तीन मिनिटांत कशी मावणार?

आजचे प्रकरण त्याहून गंभीर आहे, कारण आज जे जाईल ते केवळ दुर्लक्षामुळे जाईल. जुन्या चुंबकीय फिती कायम टिकत नाहीत आणि त्या वाजविणारी यंत्रे तयार होणेही थांबले आहे. युनेस्को आणि ध्वनिचित्र संग्रहपालांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये जगभरच्या संस्थांना सावध केले होते की, २०२५ च्या सुमारापर्यंत या फितींवरील मजकूर संगणकीय स्वरूपात आणला नाही तर पुढे तो वाचता येणेच दुरापास्त होईल. ती मुदत उलटली आहे. सरकारी केंद्रांत, विद्यापीठांत, खासगी संस्थांच्या माळ्यावर आणि कलावंतांच्या घरातील ट्रंकांत पडलेल्या फितींचे काय झाले, हा प्रश्न आता कोणी तरी अधिकाराने विचारला पाहिजे.

चांगली कृती कशी असते, याचा नमुनाही देशात आहे. सत्यजित राय यांनी १९७६ मध्ये बालसरस्वती यांच्यावर ‘बाला’ हा सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट केला. त्याची निर्मिती मुंबईच्या एनसीपीएने तामिळनाडू सरकारच्या सहकार्याने केली होती. बालसरस्वती तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. समुद्रकिनाऱ्यावर त्या कृष्णाला साद घालणाऱ्या पदावर अभिनय करतात आणि कॅमेरा फारशी लुडबूड न करता पाहत राहतो. कन्नड पदाचा एक शब्द न कळणारा विद्यार्थीही आईचे ते आर्जव ओळखेल. एका तासिकेत मावणारी, कलावंताच्या शिक्षणापासून वार्धक्यापर्यंतची ओळख करून देणारी अशी कृती प्रत्येक कलेविषयी हवी होती. ती झाली नाही आणि मोठमोठे गुरू एकामागून एक गेले.

महाराष्ट्रात प्रारंभ करावयाचा तर सिंधुदुर्गाच्या आणि गोव्याच्या दशावतारापासून करावा. मंदिरापुढील जागेत, एका बाकड्याच्या साहाय्याने, पेटी, मृदंग आणि झांजेच्या साथीवर रात्रभर चालणारा हा खेळ जगातील कोणत्याही नाट्यविद्यालयाने अभ्यासावा असा आहे. लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावावयाचे ते ठरले की रंगपटात कथेची रूपरेषा सांगितली जाते आणि कलावंत उत्स्फूर्त संवादांनी ती उभी करतात. दिवसा शेतात राबलेला पुरुष रात्री द्रौपदी होतो, आणि त्या द्रौपदीचा शोक पाहून म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावतात. वेद पळविणारा संकासुर आणि त्याला शासन करणारा विष्णू ही कथा मुलांना पुस्तकातून कंटाळवाणी वाटेल, येथे ती हसवत हसवत कळते. याचे चित्रण करताना एक कॅमेरा वादकांवर आणि एक प्रेक्षकांवर असावा. कारण समोरची माणसे कशी दाद देतात यावर नटाचे पुढचे वाक्य ठरते. शहरातील दिव्यांच्या झगमगाटात नेऊन पंधरा मिनिटांत गुंडाळलेला ‘लोककला महोत्सवी’ दशावतार वर्गात दाखविण्यात काहीच हशील नाही.

सोवळेपणाचाही उल्लेख येथे केला पाहिजे. शाळेत कीर्तन आणि भारूड चालेल. पण लावणी, वग नको, असा सूर सुसंस्कृत घरांतूनच निघतो. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर राम जोशी यांनी तमाशाचा फड गाजविला आणि तेच पुढे कीर्तनाकडे वळले. एकाच प्रतिभेची ही दोन अंगे आहेत. वय पाहून निवड जरूर करावी, पण महाराष्ट्राच्या परंपरेचा एक हात झाकून दुसराच मुलांना दाखविणे हे तिच्याशी प्रामाणिक राहणे नव्हे.

यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. ‘दीक्षा’ हे शासकीय व्यासपीठ २०१७ पासून चालू आहे, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले गेले आहेत, पीएम ई-विद्येच्या वाहिन्यांची संख्या बारावरून दोनशे करण्याची घोषणा २०२२ च्या अर्थसंकल्पात झाली आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीसाठी ‘कृति’ हे कलाशिक्षणाचे स्वतंत्र पुस्तकही काढले. पुस्तक आले, पण ज्या शाळेत दोनच शिक्षक पाच वर्ग सांभाळतात तेथे नाट्य आणि नृत्य शिकविणार कोण? नेमक्या अशाच शाळेला उत्तम चित्रणाची निकड सर्वाधिक आहे. आणि दुर्दैवाने अशाच शाळेत ते पोहोचणे कठीण आहे. कारण शासनाच्याच २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार देशातील ५३.९ टक्के शाळांतच इंटरनेट होते. म्हणून हे साहित्य पेन-ड्राइव्हवर, वाहिनीवर, केंद्रशाळेच्या संगणकावर, जेथे जसे जमेल तसे दिले पाहिजे.

मुले आधीच पडद्याला चिकटलेली असताना शाळेतही पडदाच का, असा आक्षेप पालक घेतील. तो रास्त आहे. एकट्याने अंगठा सरकवत पाहणे आणि चाळीस जणांनी शिक्षकासोबत एक प्रवेश पाहून त्यावर बोलणे, यांत मात्र अंतर आहे. शिवाय चित्रण ही प्रत्यक्ष भेटीची पूर्वतयारी असावी. डॉ. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली ‘स्पिक मॅके’ ही चळवळ गेली कित्येक दशके थोर कलावंतांना शाळा-महाविद्यालयांत नेत आहे. दहा मिनिटांचे चित्रण आधी पाहिलेल्या मुलांसमोर कलावंत आला तर त्याला समजणारा श्रोता मिळतो. शाळेपासून दोन कोसांवर राहणारा कीर्तनकार, गोंधळी किंवा पखवाजवादक मुख्याध्यापकांना ठाऊक असतो. त्याला बोलाविण्यास शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासूनच निश्चित झाली पाहिजे. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात प्रयोगकर्त्या कलावंताचे हक्क मान्य झाले आणि २०१२ मध्ये ते अधिक बळकट करण्यात आले. लोककलावंताला हे कोणी सांगत नाही. त्याच्याकडून कागदावर सही घ्यावयाची, रात्रभर चित्रण करावयाचे आणि शाल-श्रीफळ देऊन बोळवण करावयाची, हा शिरस्ता या उपक्रमात शिरू नये. त्याचे नाव, गाव, गुरू आणि मंडळी चित्रणात ठळकपणे यावीत, वापराच्या अटी त्याला मराठीत वाचून दाखवाव्यात आणि मानधन आधी ठरवून वेळेवर द्यावे. नॅशनल थिएटरचा नट आणि वेंगुर्ल्याचा दशावतारी यांत या बाबतीत भेद करण्याचे कारण नाही.

कोकणातील जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो. राज्याचे सांस्कृतिक खाते, शिक्षण खाते आणि बालभारती यांनी त्याआधी एकत्र बसून पाच दशावतारी मंडळे, पाच आख्याने आणि ती निवडणारे चार जाणकार एवढे ठरविले, तरी येत्या शैक्षणिक वर्षातील पुस्तकांवर त्याचे कोड छापता येतील.