आकड्याचा सौदा आणि मालाचा सौदा

बीड शहराला आगगाडी दिसण्यास 2025 चा सप्टेंबर उजाडावा लागला. न्यूयॉर्क, फ्रँकफुर्ट आणि टोकियो येथील बाजारांचे निर्देशांक मात्र त्यापूर्वीच येथील तरुणांच्या खिशात येऊन बसले होते. उन्हाळ्यात सायंकाळी सात आणि हिवाळ्यात आठ वाजता न्यूयॉर्कचा बाजार उघडतो, म्हणजे आपल्याकडे नेमक्या जेवणाच्या वेळी. आणि एका हाताने भाकरी मोडीत दुसऱ्या हातातील मोबाइलवर नॅस्डॅकच्या हिरव्या-तांबड्या कॅण्डल न्याहाळणारा पदवीधर अंबाजोगाईत किंवा माजलगावात दिसला, तर त्याचे आता कोणास नवल वाटत नाही.

या व्यवहाराच्या समर्थकांचे म्हणणे प्रथम त्यांच्याच बाजूने मांडणे न्यायाचे होईल. ज्या जिल्ह्यातून दरसाल दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, जेथे पाऊस बेभरवशाचा, कारखानदारी नाममात्र आणि सरकारी नोकरीच्या एकेका जागेवर अर्जांचा खच पडलेला, तेथील हुशार मुलाला घरबसल्या जगाच्या संपत्तीत वाटा मागण्याची सोय झाली, तर तिला नाके मुरडणारे तुम्ही कोण, असा त्यांचा पहिला सवाल आहे. एखादी कंपनी बुडेल, पण पाचशे कंपन्यांचा निर्देशांक शून्यावर येत नाही, हा दुसरा युक्तिवाद. आणि तिसरा, जो ते मोठ्या ऐटीने करतात, तो असा की हे सर्वस्वी नवे शास्त्र असून जुन्या पिढीच्या आकलनाबाहेरचे आहे.

तिसऱ्या युक्तिवादाचा निकाल प्रथम लावू, कारण तो सर्वांत कच्चा आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना निघणारे भाव तारेने मुंबईत येत आणि त्या भावांच्या आकड्यांवर गिरणगावापासून वाड्या-चाळींपर्यंत पैजा लागत, ही गोष्ट फार जुनी नाही. 1961 साली न्यूयॉर्कहून ते भाव येणे बंद झाले, तेव्हा पैज लावणारे हताश होऊन घरी गेले नाहीत. त्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरविण्यास प्रारंभ केला आणि मटका जन्मास आला. ज्या कापसाच्या नावाने हा उद्योग चालला होता, त्याचे काम एका मडक्याने भागले, यावरूनच त्या सौद्यात कापसाला किती स्थान होते हे उघड होते. एक गासडीही इकडून तिकडे हलत नव्हती.

आज परदेशी दलालाच्या ॲपवर जो सौदा होतो, तो बहुधा सीएफडी या जातीचा असतो. त्यात निर्देशांकातील एकाही कंपनीचा समभाग ग्राहकाच्या नावे चढत नाही, लाभांशाचा वा मताचा हक्क येत नाही. भाव जितका हलेल तितक्या फरकाची देवघेव करण्याचा तो केवळ करारनामा असतो, आणि पुष्कळदा त्या करारातील दुसरा पक्ष खुद्द दलालच असल्याने ग्राहकाची बूड हीच त्याची कमाई ठरते. शिवाय दलाल शंभर पटींपर्यंत, कधी त्याहूनही अधिक, सौदा उभा करू देतो. 10,000 रुपये भरले की 10 लाखांचा सौदा उघडतो; निर्देशांक एक टक्का विरुद्ध गेला की ते 10,000 साफ. मुकादमाची उचल घेणारा ऊसतोड्या निदान एक हंगामभर कोयता चालवून ती फेडू शकतो. या उचलीला हंगाम नाही, जेवण आटोपेपर्यंतचीही मुदत नाही. निर्देशांक शून्यावर येत नाही हे खरे, पण ग्राहकाचे तारण येते, आणि त्यासाठी निर्देशांकाला शंभरातील एकच पायरी उतरावी लागते. युरोपच्या बाजार नियामकाने 2018 साली तपासणी केली, तेव्हा अशा खात्यांपैकी 74 ते 89 टक्के तोट्यात आढळली, आणि त्याने प्रमुख निर्देशांकांवरील ही पट विसापर्यंत खाली आणली. आपल्याकडे उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठविण्यास मुभा आहे, परंतु परदेशी सौद्याचे मार्जिन भरण्यास ती मुभा नाही. आणि अनधिकृत मंचांची सावधगिरी-यादी रिझर्व्ह बँक 2022 पासून प्रसिद्ध करीत आली आहे. तरीही पैसे भरले जातात ते कोणा अनोळखी इसमाच्या खात्यात यूपीआयने, आणि ते परत न आल्यास दाद कोठल्या कचेरीत मागावी हे भरणाऱ्यास ठाऊक नसते.

येथवर वाचून जे वडीलधारे मान डोलावीत असतील, त्यांचाही पक्ष मला मान्य नाही. शेअर बाजार म्हणजेच जुगार, पैसा जमिनीत नाहीतर सोन्यात घालावा, हे त्यांचे मत धोका आणि जुगार यांची गल्लत करते. कोरडवाहू जमिनीत बियाणे टाकणाऱ्याहून मोठा धोका कोण पत्करतो? फरक धोक्याचा नसून, सौद्याच्या एका टोकाला माल किंवा मालकी आहे की नाही, याचा आहे. (देशी बाजारातील कायदेशीर फ्युचर्स-ऑप्शन्सही याला अपवाद नाहीत: सेबीच्या 2024 च्या पाहणीनुसार तीन वर्षांत 93 टक्के व्यक्तिगत सौदेगार तोट्यात गेले आणि त्यांची एकूण बूड 1.8 लाख कोटी रुपयांवर पोहोचली.) ज्याला अमेरिकेच्या उद्योगांत वाटा हवा आहे, त्याने भारतात नोंदलेल्या आणि नॅस्डॅक 100 चा मागोवा घेणाऱ्या फंडाचे युनिट उचल न घेता, स्वतःच्या पैशाने विकत घ्यावे. असा फंड येथे 2011 पासून आहे. तेही सुखासुखी नव्हे: जपानचा निक्केई 29 डिसेंबर 1989 रोजी ज्या शिखरावर बंद झाला, ते ओलांडण्यास त्याला 22 फेब्रुवारी 2024 पर्यंत थांबावे लागले. पण मालकाला थांबता येते आणि मध्यंतरी लाभांशही मिळतो. शंभर पटींच्या सौदेगाराला पहिल्या पडझडीतच बाहेर फेकले जाते.

आता मालाच्या टोकाकडे वळू, कारण खरा अन्याय तेथे आहे. मोंढ्यावर सोयाबीनच्या ढिगात हात घालून, दाणा दाताखाली फोडून ओल अजमावणारा आडत्या जो भाव पुकारतो, त्यावर शिकागोच्या बाजाराची छाया असतेच. पेरणी झाल्यावरच काढणीचा भाव बांधून घेण्याची सोय म्हणजे वायदा. परंतु सेबीने डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले आणि त्या हुकुमाला पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ मिळाली. गेवराईच्या ज्या शेतकऱ्याच्या घरात पोती रचलेली आहेत, त्याला वायदा वर्ज्य, आणि त्याच घरातील मुलाला, ज्याच्यापाशी न्यूयॉर्कचा एक समभागही नाही, बेकायदा का होईना, नॅस्डॅकचा आकडा चोवीस तास खुला! ही बंदी उठवावी, आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना एकत्र माल घेऊन त्या बाजारात उतरण्यास साहाय्य द्यावे, हे माझे म्हणणे आहे. त्यावर उत्तर मिळेल की वायदे खुले झाले म्हणजे सटोडिये भावांशी खेळतील. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असता मराठवाड्याच्या मोंढ्यांवर माल त्याहून पुष्कळ खालच्या भावाने विकला गेला. त्या पडझडीचे खापर फोडण्यास बाजारात एकही वायदेवाला हजर नव्हता.